पाय दुखतोय? आधी जांघेतली नाडी बघा

प्रति,
महाराष्ट्रातले फॅमिली डॉक्टर, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत ड्यूटी करणारे वैद्यकीय अधिकारी, आणि हाडांचे डॉक्टर यांना,

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. पोटातल्या महाधमनीच्या फुग्यावर जांघेतून ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, बसवलेला माणूस पाय, मांडी किंवा कुल्ला दुखतो म्हणून तुमच्यासमोर आला, तर एक्स-रे लिहिण्याआधी, इंजेक्शन भरण्याआधी त्याच्या दोन्ही जांघांतली नाडी बोटांनी बघा. एका बाजूची लागली नाही, तर त्या बाजूला ग्राफ्ट बंद पडलाय असं धरूनच पुढचं सगळं करा. तसं नसलं तर बिल माझ्या नावावर फाडा.

मी व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे. हे आमच्या परिषदांत बोलायचं सोडून इथे चव्हाट्यावर का मांडतोय, असं काही सहकारी विचारतील. परिषदेला बसलेल्यांना हे पाठ असतं. पण रात्री अकराला लंगडत येणारा पेशंट त्यांच्या दारात जात नाही, तो तुमच्याकडे येतो. शिवाय ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनीही हे वाचावं आणि गरज पडलीच तर मोबाइलवर उघडून तुमच्यासमोर धरावं, अशी माझी इच्छा आहे. तसं कुणी धरलं तर कृपया रागावू नका.

ज्यांचा या ऑपरेशनशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती ३ सेंटिमीटरच्या वर गेली की आपण फुगा म्हणतो. पुरुषांत साडेपाच आणि बायकांत पाचच्या आसपास पोचली की ऑपरेशनचा विषय निघतो, कारण फुगा फुटला तर बहुतेक जण दगावतात, कितीतरी जण हॉस्पिटलच्या पायरीपर्यंतही पोचत नाहीत. पूर्वी यावर एकच इलाज होता, पोट उघडून फुग्याच्या जागी कृत्रिम नळी शिवणं. मग खार्किवमध्ये निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ साली छातीतल्या महाधमनीत आतून ग्राफ्ट बसवला, आणि १९९० साली ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी पोटातल्या फुग्यावर तेच केलं. जांघेतल्या धमनीतून वायर घालायची, मिटलेला ग्राफ्ट वर सरकवायचा, एक्स-रेवर बघत उघडायचा. आज याला सगळे ईव्हार म्हणतात.

ग्राफ्ट दिसायला पायजम्यासारखा असतो. वर कमर, खाली दोन पाय. कापड पॉलिएस्टरचं किंवा पीटीएफईचं, आणि त्याला तारेचा आधार, बहुधा नायटिनॉल नावाच्या मिश्रधातूच्या. कमर किडनीच्या धमन्यांच्या लगेच खाली पकड घेते आणि दोन पाय दोन्हीकडच्या इलियाक, म्हणजे पायांकडे रक्त नेणाऱ्या, धमन्यांत उतरतात. माणसाचे दोन्ही पाय आता या दोन नळ्यांवर जगतात, हे लक्षात ठेवा.

ईव्हारचा फायदा खरा आहे, त्यावर मी बोट ठेवत नाही. ब्रिटनच्या ईव्हार-१ या मोठ्या चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू आतून केलेल्या ऑपरेशनमध्ये १.७ टक्के होते, पोट उघडून केलेल्यात ४.७ टक्के. पण त्याच पेशंटांचा पंधरा वर्षं मागोवा घेतल्यावर ही सुरुवातीची आघाडी टिकली नाही, आणि पुन्हा काहीतरी करावं लागण्याचं प्रमाण ईव्हारवाल्यांत जास्त निघालं. म्हणजे पेशंट दोन-तीन दिवसांत चालत घरी जातो हे जितकं खरं, तितकंच तो आयुष्यभरासाठी कुणाच्या तरी नजरेखाली राहायला हवा हेही खरं. घरी मात्र निरोप वेगळाच पोचतो. पोटावर टाका नाही, जांघेत दोन बारीक खुणा, म्हणजे किरकोळ काम. नातेवाईक सांगतात, 'बिनटाक्याचं झालं, काही विशेष नाही.'

पुन्हा काही करावं लागण्याच्या कारणांत गळतीचा नंबर पहिला. ग्राफ्टच्या कडेने किंवा मागच्या बारीक धमन्यांतून रक्त फुग्यात येत राहतं, आणि आमचं सगळं लक्ष तिकडे असतं. त्यामागोमाग ग्राफ्टचा एखादा पाय गुठळीने बंद पडणं येतं. वेगवेगळ्या अभ्यासांत आकडे वेगळे आहेत, पण शंभरातल्या दोन-तीन जणांपासून सहा-सात जणांपर्यंत हे होतं. बरेचसे प्रसंग पहिल्या काही महिन्यांत घडतात, बहुतेक पहिल्या वर्षात. म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा पेशंट गावी परतलेला असतो आणि आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त भेटतो.

बंद का पडतो? बहुतेक वेळा कारण आकाराचं असतं. म्हाताऱ्या माणसाच्या इलियाक धमन्या सरळ नसतात, वळणं घेत खाली उतरतात. ऑपरेशन चालू असताना आत कडक वायर असते, ती सगळी वळणं सरळ करून टाकते, आणि शेवटच्या अँजिओग्राफीत चित्र सुरेख दिसतं. वायर काढली की धमनी आपल्या मूळ वळणावर येते आणि आत बसवलेली नळी तिथे दुमडते. म्हणून कडक वायर काढून, मऊ वायर किंवा नुसता कॅथेटर (बारीक पोकळ नळी) ठेवून पुन्हा एकदा चित्र घ्यायचं असतं. घाईत हे राहून जातं.

दुसरं कारण, महाधमनी जिथे दुभंगते ती जागा अरुंद असणं. २ सेंटिमीटरपेक्षा कमी जागेत दोन नळ्या शेजारी बसवल्या की त्या एकमेकींना दाबतात. तिसरं, ग्राफ्टचा पाय खालच्या, बारीक एक्स्टर्नल इलियाक धमनीपर्यंत न्यावा लागणं. धमनी बारीक आणि आत घातलेली नळी तिच्या मानाने फार मोठी असली तर कापडाला आत चुण्या पडतात आणि चुणीत रक्त साकळतं. चुन्याचे थर, वायर जाताना धमनीच्या आतल्या अस्तराला पडलेली चीर, हीही कारणं आहेत. बायकांच्या धमन्या मुळात बारीक, त्यामुळे त्यांच्यात जपून राहावं लागतं. काही वर्षांनी फुगा आकसतो, तेव्हा आतल्या ग्राफ्टचा कोन बदलतो आणि तोवर नीट चाललेला पाय दुमडू शकतो. म्हणून 'तीन वर्षं झाली, आता काय होणार' असं म्हणता येत नाही.

जाता जाता एक. पेशंट हमखास विचारतात, मांडी घालून बसलं तर ग्राफ्ट दबेल का? नाही दबणार. बहुतेकांत ग्राफ्टचं टोक जांघेच्या घडीच्या बरंच वर असतं. जेवायला खुशाल पाटावर बसा.

आता एक पेशंट सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव-हॉस्पिटल काही सांगत नाही. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका, तालुक्याच्या गावी घर. ईव्हार मोठ्या शहरात झालेला. महिनाभरात घरी सगळं सुरळीत. मग शेताकडे जाताना डाव्या मांडीत आणि कुल्ल्यात गोळे यायला लागले. ठरावीक अंतरावर, आंब्याच्या झाडापाशी. तिथे जरा उभे राहिले की जायचे. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, वय झालं म्हणाले. एका रात्री जेवण झाल्यावर पाय एकदम ठणकायला लागला आणि गार पडला. मुलाने जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नीट विचारलं, 'मागे काही ऑपरेशन?' मुलगा म्हणाला, 'ऑपरेशन नाही, नुसता स्टेंट टाकलाय.' स्टेंट म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात हृदय येणार. ईसीजी काढला, तो बरा होता. मग कमरेचा एक्स-रे. चौथ्या-पाचव्या मणक्यातली जागा कमी झालेली. चाळीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या कमरेत ती कमी नसती तरच नवल. सायटिकाचं निदान झालं, कुल्ल्यात इंजेक्शन, पट्टा, आणि सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआय. रात्रभर घरच्यांनी गरम पाण्याच्या पिशवीने पोटरी शेकली.

सकाळी एमआरआयच्या टेबलावर चढवताना तिथल्या टेक्निशियन मुलीने त्यांचे लोकरी मोजे काढले. उजवं पाऊल पावलासारखं होतं. डावं पांढरंफटक, घोट्यापाशी निळसर डाग, आणि पोटरीवर शेकण्याने आलेला हा एवढा फोड, ज्याचा त्यांना पत्ताच नव्हता. तिने मशीन चालू केलं नाही. ती बाहेर गेली आणि रेडिऑलॉजिस्टना घेऊन आली. त्यांनी सोनोग्राफीचा प्रोब जांघेवर ठेवला, डाव्या बाजूला प्रवाह जवळजवळ नव्हताच. तिथून पुढे काका माझ्याकडे आले. पाय वाचला. पण पोटरीचे कप्पे लांब चिरा देऊन मोकळे करावे लागले, आणि पाऊल वर उचलणारी नस मेली ती मेलीच. काका आज स्प्लिंट लावून चालतात. चप्पल अडकून पडू नये म्हणून दर पावलाला गुडघा जरा जास्त उचलतात.

या गोष्टीत कुणी निष्काळजी होतं असं मला वाटत नाही. डॉक्टरांनी विचारायचं ते विचारलं होतं. ज्या माणसाला सायटिका असू शकतो त्याला सायटिका म्हटलं, एवढंच. पण साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाच्या मणक्याचं चित्र काढा, काहीतरी निघणारच, आणि जे निघालं त्याच्यावर दुखणं ढकललं जाणारच. म्हणून माझा आग्रह आहे की चित्राच्या आधी हात.

प्रश्नही जरा बदला. 'काही ऑपरेशन झालंय का' याऐवजी 'पोटात किंवा जांघेतून कधी काही बसवलंय का' असं विचारा. स्टेंट म्हणाले तर 'कुठला, हृदयाचा की पोटाचा' हे विचारा आणि फाइल मागा. दुखणं चालण्याचं असेल तर किती चालल्यावर येतं आणि कशाने जातं ते विचारा. मणक्यातली जागा अरुंद झालेल्याला बरं वाटायला बसावं लागतं, कमरेत वाकावं लागतं. रक्त कमी पडणाऱ्याचं नुसतं उभं राहून थांबतं, आणि दर वेळी साधारण त्याच अंतरावर येतं. काकांचं आंब्याचं झाड हे निदान होतं. फक्त ते कुणी विचारलं नाही.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर तुम्हीच मला पकडाल. कधी कधी ग्राफ्ट नीट बसावा म्हणून ओटीपोटाकडे जाणारी इंटर्नल इलियाक धमनी आम्ही मुद्दाम कॉइल घालून बंद करतो. अशा पेशंटला त्या बाजूचा कुल्ला चालताना काही महिने दुखू शकतो, आणि तरीही ग्राफ्ट ठणठणीत असतो. मग फरक कसा कळणार? पुन्हा जांघेतल्या नाडीनेच. ती जोरात लागत असेल तर फोन करून सकाळी पाठवा, लागत नसेल तर आत्ता पाठवा.

नाडी बघायची पद्धत तुम्हाला मी काय शिकवणार, पण गर्दीच्या ओपीडीत काय होतं ते मला माहीत आहे. पेशंट खुर्चीत बसलेला, पँट घातलेला, आणि नाडी बघितली जाते ती फार तर पावलावरची. मधुमेहवाल्यांच्या पावलावरची नाडी बरेचदा आधीपासूनच नसते, त्यावरून काही ठरत नाही. त्याला उताणं झोपवा, पँट गुडघ्यापर्यंत खाली घ्या, मोजे काढा. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि मध्यभागी जिथे दोन हाडं जुळतात ती जागा, यांच्या मधोमध जांघेच्या घडीवर तीन बोटं सपाट ठेवा आणि जरा दाबून थांबा. पोट सुटलेलं असेल तर ते वर धरायला नातेवाइकाला सांगा. आपल्याच बोटाची नाडी लागतेय अशी शंका आली तर दुसरा हात पेशंटच्या मनगटावर ठेवा, ठोका जुळतोय का बघा. मग दोन्ही जांघांवर एकाच वेळी दोन हात. डावी-उजवीतला फरक तिथे कळतो तसा एकेक बघून कळत नाही.

छोटा हातातला डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) असेल तर उत्तमच. घोट्याच्या वर बीपीचा कफ बांधा, आवाज परत येतो तो आकडा घ्या आणि त्याला दंडाच्या बीपीने भागा. एकच्या आसपास यायला हवं. ०.९ च्या खाली गेलं तर बिनसलंय. डिस्चार्जच्या वेळी हा आकडा चांगला होता आणि आता पडलाय, तर मग वादच नाही. बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर बाळंतपणाच्या खोलीत असतोच. तो या कामासाठी बनवलेला नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

पाय गार असेल तर तीन गोष्टी बघायला मिनिटही लागत नाही. बोटांना हात लावलेला कळतोय का, बोटं हलतात का, पाऊल वर उचलता येतं का. दुखतंय पण संवेदना आणि हालचाल शाबूत आहे, तर थोडा वेळ हातात आहे. बधिरपणा बोटांच्या वर सरकलाय, पाऊल उचलत नाहीये, तर वेळ संपत आलाय. स्नायू आणि नसा रक्ताशिवाय साधारण सहा तास तग धरतात असं आपण शिकलो. त्यातले दोन घरीच जातात, आणि आपल्याकडे रस्त्यात किती जातात ते वेगळं सांगायला नको. गडचिरोलीतला पेशंट नागपूरला येईपर्यंत, सिंधुदुर्गातला गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला पोचेपर्यंत घड्याळ चालूच असतं. म्हणून तुमच्या टेबलावरचे दोन तास वाचणं हे माझ्या थिएटरातल्या कुठल्याही मशीनपेक्षा मोलाचं आहे.

मग करायचं काय? आधी फोन. ज्याने ग्राफ्ट बसवला त्याला, तो मिळाला नाही तर जवळच्या व्हॅस्क्युलर सर्जनला. त्याच्याशी बोलून, कुठे रक्तस्राव चालू नसेल, नुकताच मेंदूत रक्तस्राव झालेला नसेल, तर शिरेतून हेपॅरिन, साधारण ५,००० युनिट. त्याने असलेली गुठळी विरघळत नाही, पण ती खाली गुडघ्यापर्यंत वाढत जात नाही. सलाइन लावा, दुखणं थांबवायचं औषध शिरेतून द्या. कुल्ल्यात इंजेक्शन नको. पुढे हेपॅरिन आणि कदाचित गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं आहे, त्या सुईच्या जागी रक्ताची गाठ धरते. १०८ला फोन करा किंवा जी गाडी मिळेल ती, पण जिथे सीटी अँजिओग्राफी आणि हे ऑपरेशन दोन्ही होतं अशाच ठिकाणी पाठवा. मध्ये एका हॉस्पिटलात थांबून 'नुसता डॉपलर करून घ्या' हा थांबा नको. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबायलाही नको. पाय जाणार असेल तर किडनीची काळजी आम्ही तिकडे घेऊ.

आणि काय करायचं नाही, हे नातेवाइकांना बजावा. शेकायचं नाही. निर्गुडीच्या पाल्याने नाही, विटेने नाही, पिशवीने नाही. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही आणि रक्त नसलेल्या कातडीवरची भाजल्याची जखम भरत नाही. तेल चोळायचं नाही. पाय उशीवर उंच ठेवायचा नाही, पलंगाच्या पातळीत किंवा किंचित खाली असू द्यावा. टाचेखाली मऊ घडी ठेवा आणि सैल कापूस गुंडाळा, बस्स.

आमच्याकडे आल्यावर काय होतं, ते थोडक्यात. पाय तातडीच्या धोक्यात नसेल तर गुठळीत कॅथेटर ठेवून औषधाने ती विरघळवता येते, किंवा ओढून काढता येते. धोक्यात असेल तर जांघ उघडून टोकाला फुगा असलेला कॅथेटर वर घालतो आणि गुठळी खेचून काढतो. तो थॉमस फोगार्टी यांचा शोध. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पहिला फुगा सर्जिकल ग्लोव्हच्या बोटाचा तुकडा लघवीच्या कॅथेटरला बांधून केला होता, गाठी मासेमारीत शिकलेल्या. साध्या धमनीत हा कॅथेटर निर्धास्त वापरतात. ग्राफ्टच्या आत मात्र तो जोरात खेचला तर ग्राफ्टच जागचा हलू शकतो, जोड सुटू शकतो, आणि बंद पायाच्या जोडीला गळती सुरू होते. म्हणून हे एक्स-रेवर बघत, वायरवरून, हलक्या हाताने करायचं काम आहे. तुमच्या शेजारच्या जनरल सर्जनला गुठळी काढता येत असेलही, पण ग्राफ्ट असलेल्या पेशंटमध्ये त्यांनी फोनवर बोलल्याशिवाय हात घालू नये.

गुठळी काढून भागत नाही. ती का झाली ते सापडलं पाहिजे. दुमड असेल तर तिथे स्टेंट टाकून नळी आतून ताठ करावी लागते. नळी उघडतच नसेल तर चांगल्या जांघेतून बंद जांघेकडे कातडीखालून बायपास न्यायचा. दोन्ही बंद असतील तर काखेतून. रक्त परत सुरू झाल्यावर पोटरी सुजते, म्हणून त्या चिरा. उशीर जास्त झाला असेल तर मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात येतं, हृदय आणि किडनी दोन्ही अडचणीत येतात. आणि काही जणांना पाय गमवावा लागतो. 'बिनटाक्याच्या' ऑपरेशननंतर हे सांगायची पाळी येते, तेव्हा नातेवाइकांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

रेडिऑलॉजिस्ट मित्रांना या पत्रात एक वेगळी विनंती. ईव्हारनंतर पहिल्या महिन्यात सीटी होतो, मग सालाबाद सीटी किंवा डॉपलर. रिपोर्टात फुग्याचा आकार असतो, 'गळती नाही' असतं, आणि सगळे निश्चिंत होतात. ग्राफ्टच्या पायांबद्दल दोन ओळी वेगळ्या लिहा. कुठे दुमड, कुठे अरुंद, आत गुठळीचा थर, खालच्या धमनीत चीर. डॉपलरमध्ये ग्राफ्टच्या पायात रक्ताचा वेग सेकंदाला ३०० सेंटिमीटरच्या वर गेला किंवा शेजारच्या भागाच्या साडेतीन पटीवर असेल, तर नुसतं लिहू नका, फोन उचला. बंद पडण्याआधी सापडलेल्या अरुंद पायाला एक स्टेंट पुरतो.

आणि आमच्या शाखेला. डिस्चार्ज कार्डवर 'ईव्हार केला, रुग्ण स्थिर' एवढं लिहून पेशंट गावी पाठवायचा, हे बंद व्हायला हवं. त्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत हवं: पोटातल्या महाधमनीत ग्राफ्ट आहे. कंपनी आणि मापं. सोडताना दोन्ही जांघांतल्या नाड्या होत्या का, घोट्याचा आकडा किती होता. कुठली धमनी मुद्दाम बंद केली आहे का. पाय दुखला, गार पडला, बधिर झाला तर या नंबरवर, कुठल्याही वेळी. आणि त्या नंबरवर रात्री माणूस बोलला पाहिजे, रिसेप्शनची टेप नव्हे. कंपनीचं छोटं कार्ड पेशंटला मिळतं, ते बहुतेकदा कपाटातल्या कागदांत पडून असतं. त्याचा फोटो मुलाच्या आणि सुनेच्या मोबाइलमध्ये असू दे.

औषधांचं काय? ॲस्पिरिन आणि स्टॅटिन बहुधा कायमचं असतं. दात काढायचा, मोतीबिंदू करायचा म्हणून ॲस्पिरिन बंद करायला सांगतात आणि परत सुरू करायचं सगळेच विसरतात. एखादा दात काढायला किंवा मोतीबिंदूला ते थांबवायची गरज सहसा नसते, थांबवायचंच असेल तर आधी विचारा. तंबाखूबद्दल तुम्ही रोजच बोलता, मी वेगळं काय बोलणार. विडी ओढणाऱ्याला फुगा होण्याचा धोका जास्त, आणि ग्राफ्टच्या खालच्या धमन्या खराब होण्याचाही. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन बीपी खाली गेलेला ईव्हारवाला पेशंट आला तर सलाइन लावायला मागेपुढे बघू नका, आणि जाताना पाय बघूनच सोडा.

शेवटचं, क्वचित होतं पण चकवतं. दोन्ही पाय एकदम लुळे पडलेला, बधिर झालेला माणूस येतो. सगळ्यांना वाटतं मणक्यात काहीतरी दबलंय, आणि तो मणक्याच्या एमआरआयच्या रांगेत लागतो. त्याच्या पोटात ग्राफ्ट असेल आणि दोन्ही जांघांत नाडी नसेल, तर संपूर्ण ग्राफ्ट बंद पडलाय. तिथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशोब आहे. अशा पेशंटसाठी मला रात्री तीनला उठवलंत तरी चालेल. अँब्युलन्समध्ये घालतानाच फोन करा, मी थिएटर उघडायला सांगतो.

आपला,
एक व्हॅस्क्युलर सर्जन